मुलीला आयबी, पुतण्याला अकरावी सायन्स: ग्राफिंग कॅल्क्युलेटर कुठला घ्यायचा?

घोडबंदरकर_पालक

नमस्कार मंडळी. घरात यंदा दोन अकरावीकर आहेत. मुलगी ठाण्यातल्याच एका शाळेत आयबी डिप्लोमाला: गणित एए (ॲनालिसिस अँड अप्रोचेस) हायर लेव्हल, जोडीला फिजिक्स. पुतण्या राज्य बोर्डाच्या अकरावी सायन्सला, आणि जेईई व सीईटी दोन्हीची तयारी करतोय. मुलीच्या शाळेकडून ‘जीडीसी घ्या’ (म्हणजे ग्राफिंग कॅल्क्युलेटर) एवढाच निरोप आलाय, मॉडेलचं नाव नाही.

विचारायचंय ते असं. टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) घ्यावा की कॅसिओ? ऑनलाइन एक टीआय-एनस्पायर सीएक्स टू सीएएस बऱ्यापैकी स्वस्तात दिसतोय, तो घेऊन टाकू का? आणि पुतण्यालाही असाच एक घेतला तर पुढे इंजिनिअरिंगला कामाला येईल असं त्याचं म्हणणं आहे, ते कितपत बरोबर? सेकंडहँड घेतला तर काय काय तपासायचं, तेही सांगा.

वाशी_गणित

दादा, आधी तो सीएएसवाला रद्द करा. सीएएस म्हणजे अक्षरांत गणित करणारा: अवयव पाडतो, क्ष ठेवून डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल लिहून देतो. आयबीच्या परीक्षेत असा कॅल्क्युलेटर चालतच नाही. एनस्पायर सीएक्स टू हे मॉडेल सीएएससह आणि सीएएसशिवाय अशा दोन रूपांत मिळतं, आणि दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. सीएएसवाल्याच्या अंगावर ती तीन अक्षरं छापलेली असतात, पण जाहिरातीच्या फोटोत बहुतेकदा तोच भाग कापलेला असतो किंवा कव्हर लावलेलं असतं. विक्रेत्याकडून समोरून काढलेला, अक्षरं वाचता येतील असा फोटो मागा. एवढा स्वस्त का, याचं उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

आता मुलीच्या परीक्षेचं. एएमध्ये पेपर १ कॅल्क्युलेटरशिवाय असतो. पेपर २ ला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो, आणि हायर लेव्हलला जो पेपर ३ असतो त्यालाही. (एआय, म्हणजे आयबीचाच गणिताचा दुसरा विषय, घेणाऱ्यांना सगळ्याच पेपरना लागतो.) फिजिक्सच्या २०२५पासूनच्या नव्या परीक्षेत दोन्ही पेपरना कॅल्क्युलेटर चालतो. म्हणजे तुमच्याकडे ही वस्तू खरोखर दोन वर्षं रोज वापरली जाणार आहे, हौस म्हणून नाही.

पुतण्याला मात्र घेऊ नका. बारावीच्या राज्य बोर्डाच्या पेपरवर स्पष्ट लिहिलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर नाही. जेईई मेन, ॲडव्हान्स्ड, सीईटी, कुठेच चालत नाही. दोन वर्षं हाताशी कॅल्क्युलेटर असला की आकडेमोडीचा हात बसत नाही, आणि त्याच्या सगळ्या परीक्षा नेमक्या त्याच हातावर आहेत. १.७३ भागिले ०.४१ अंदाजाने ४.२ हे त्याला कागद न घेता सुचलं पाहिजे. त्याला लॉग टेबल घेऊन बसवा आणि आलेख कागदावर काढायला लावा. आपला आलेख बरोबर आला का हे पाहायला जिओजेब्रा किंवा डेस्मॉस मोबाइलवर फुकट आहेच.

इंजिनिअरिंगचं म्हणाल तर तिथे नियम ‘नॉन-प्रोग्रामेबल सायंटिफिक’ असा असतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटर सगळे प्रोग्रामेबलच, म्हणजे तो आत नेताच येणार नाही. तेव्हा त्याला कॅसिओच्या ९९१ मालिकेतला एक घेऊन द्या. मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर, एकसामयिक समीकरणं, सगळं त्यात होतं. पुढे एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला तर स्क्रीनवरचाच व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर वापरावा लागतो.

ऐरोली_केंब्रिज

केंब्रिजवाल्या पालकांसाठी एक ओळ, कारण नवी मुंबईत बरेच आहेत आणि तिथे उलट चूक होते. आयजीसीएसई (केंब्रिजची दहावी) ०६०७ इंटरनॅशनल मॅथेमॅटिक्सला ग्राफिंग लागतो. ०५८० ला साधा सायंटिफिक, ग्राफिंग नाही. ए लेव्हल ९७०९ लाही ग्राफिंग चालत नाही. मोठ्या भावाचा टीआय-८४ आहे तोच धाकटीला ९७०९ साठी देऊ, असं ठरवण्याआधी सिलॅबसचा कोड नंबर बघा. शाळेचं नाव बघून काही कळत नाही.

नेरूळ_फिजिक्स

मूळ प्रश्न राहिलाच: टीआय की कॅसिओ. मुलीच्या वर्गाचे सर किंवा मॅडम बोर्डवर कुठला दाखवतात, ते आधी विचारा. दोन वर्षं ‘आता हे बटण दाबा’ ऐकायचंय, ते ज्या मशीनवर ऐकायचंय तेच हातात असलेलं बरं. शाळेचा तसा काही आग्रह नसेल तर मी कॅसिओ एफएक्स-सीजी५० कडे झुकेन, आणि कारणं सांगतो.

कॅसिओला चार ट्रिपल ए सेल लागतात. परीक्षेच्या सकाळी सेल बसले तरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. टीआय-८४ प्लस सीईमध्ये आतली रिचार्जेबल बॅटरी आहे. रात्री चार्जिंग विसरलं तर सकाळी काहीच उपाय नाही, कारण केबलही मिनी यूएसबी, हल्लीच्या मोबाइलची बसत नाही. कॅसिओची स्क्रीन ३८४ बाय २१६ पिक्सेलची, टीआयची ३२० बाय २४०, दोन्ही रंगीत, रोजच्या वापरात त्यात फार फरक जाणवत नाही. खरा फरक मेन्यूचा. कॅसिओत सगळं स्क्रीनखालच्या एफ१ ते एफ६ या बटणांवर लिहिलेलं दिसतं, त्यामुळे नवीन मुलाला वाट सापडते. समीकरणांचा वेगळा मेन्यू आहे, त्यात सहाव्या घातापर्यंतची बहुपदी आणि सहा अज्ञातांपर्यंतची एकसामयिक समीकरणं सुटतात.

टीआयच्या बाजूने सांगायचं तर इंटरनेटवर त्याचं मार्गदर्शन ढिगाने आहे आणि आकडेवारीच्या याद्या भरणं त्यात जास्त सुटसुटीत वाटतं. एनस्पायर तिन्हींत सगळ्यात ताकदवान. पण त्याची घडण वेगळी, सगळं डॉक्युमेंट आणि पानांत चालतं, हात बसायला दोनेक महिने जातात. शिवाय त्यात कोनाचं सेटिंग दोन ठिकाणी असतं, एक डॉक्युमेंटचं आणि एक ग्राफच्या पानाचं. एक बदललं आणि दुसरं राहिलं की उत्तर एक आणि आलेख दुसराच.

कोनावरून आठवलं, हे मुलीला पहिल्याच दिवशी दाखवा. साइन ३० टाका. ०.५ आलं तर मशीन डिग्रीत आहे. उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये. फिजिक्सच्या उतारावरच्या ठोकळ्याला डिग्री लागते आणि गणितातल्या कॅल्क्युलसला रेडियन, म्हणजे ती दिवसातून दोनदा हे बदलणार. डिग्रीत राहून साइन क्षचा शून्यापाशी उतार काढला तर १ येण्याऐवजी ०.०१७४५ येतो, म्हणजे π भागिले १८०. असा आकडा दिसला की चूक कुठे आहे हे लगेच ओळखायचं.

आणखी एक, हे फार कमी लोक सांगतात. १ ÷ २π हे जसंच्या तसं टाका. कॅसिओ ०.१५९ दाखवतो, टीआय-८४ मात्र १.५७१. कॅसिओ २π हा एक तुकडा धरतो, टीआय डावीकडून उजवीकडे जातो. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. वर्गात शेजारच्याचं उत्तर वेगळं आलं म्हणून गोंधळ होतो तो यामुळे. छेद नेहमी कंसात घाला, मग मशीन कुठलंही असो.

कळवा_आलेख

नेरूळकरांनी छान सांगितलंय. मला आलेखाच्या विंडोबद्दल बोलायचंय, कारण मार्क तिथे जातात.

उदाहरण घ्या: y = x³ − १२x + ५. टीआय-८४ वर वाय-इक्वल्सला हे भरा, झूममधला ६ वा पर्याय झेड-स्टँडर्ड निवडा. विंडो दोन्ही अक्षांवर उणे १० ते १० होते. स्क्रीनवर काय दिसतं? वर-खाली पळणाऱ्या तीन उभ्या रेघा, एकमेकींना न जोडलेल्या. मूल म्हणतं ‘आलेख तुटक आहे’, आणि तसाच वहीत काढतं. प्रत्यक्षात x = −२ ला उंची २१ आहे आणि x = २ ला −११, म्हणजे डोंगर आणि दरी दोन्ही स्क्रीनच्या बाहेर. विंडोत वाय-मिन −३० आणि वाय-मॅक्स ३० करा, वाय-स्केल ५ ठेवा, मग पूर्ण वळण दिसेल.

यातून शिकायचं ते असं की आधी डेरिव्हेटिव्ह काढून कागदावर वळणबिंदू काढावेत, मग त्याप्रमाणे विंडो लावावी. एएच्या मुलीला हे पेपर १ साठी तसंही यावंच लागतं. दोन्ही एकमेकांना धरून चालू द्या.

मुळं काढायची तर टीआयवर सेकंड आणि ट्रेस, त्यात २ झीरो. मशीन डावी हद्द, उजवी हद्द आणि अंदाज विचारतं. एका वेळी एकच मूळ त्या दोन हद्दींच्या मध्ये येऊ द्या. वरच्या उदाहरणात तीन मुळं साधारण −३.६५६, ०.४२३ आणि ३.२३३ येतात. तिन्हींची बेरीज शून्य आली पाहिजे, कारण x² चं पद नाही. हा ताळा तोंडी होतो.

जिथे आलेख अक्षाला नुसता टेकतो, जसं (x − २)², तिथे झीरो हा पर्याय ‘नो साइन चेंज’ म्हणून अडतो. मशीन बिघडलेलं नसतं. ते चिन्ह बदलण्याची जागा शोधतं आणि इथे चिन्ह बदलतच नाही. तिथे मिनिमम वापरा.

कॅसिओवर हेच शिफ्ट आणि एफ५, म्हणजे जी-सॉल्व्ह, त्यात एफ१ रूट. हद्दी विचारत नाही, उजवा बाण दाबला की पुढचं मूळ दाखवतो. सोपं आहे, पण यात एक फसगत आहे: तो फक्त दिसणाऱ्या विंडोतच शोधतो. विंडो उणे ३ ते ३ असेल तर वरच्या समीकरणाला एकच मूळ आहे असं मूल लिहून मोकळं होईल.

टीआयवर अजून दोन नेहमीच्या अडचणी. वजाबाकीचं बटण आणि ऋण चिन्हाचं बटण वेगवेगळी आहेत, ऋण चिन्ह खालच्या ओळीत कंसात असतं. एकाच्या जागी दुसरं दाबलं की बहुतेकदा सिंटॅक्स एरर. आणि आदल्या दिवशी आकडेवारीचा प्लॉट लावला असेल, यादी पुसली असेल, तर आज साधी रेषा काढतानाही ‘इनव्हॅलिड डायमेन्शन’ येतं. वाय-इक्वल्सच्या पानावर सगळ्यात वर प्लॉट१ काळा दिसतो का बघा. बाणाने तिथे जाऊन एंटर दाबा, तो बंद होतो.

घोडबंदरकर_पालक

फार उपयोगी. सीएएसवाला सोडला. शाळेत विचारलं, मॅडम टीआय-८४ प्लस सीई दाखवतात पण कॅसिओही चालेल म्हणाल्या. मुलगी वर्गाबरोबर जायचं म्हणतेय, तर टीआयच घेऊ. आता सेकंडहँडचं सांगा. आणि परीक्षेआधी ‘प्रेस टू टेस्ट’ करावं लागतं म्हणे, ते काय? शिवाय फिजिक्सच्या प्रयोगाला यात नक्की काय होतं?

नेरूळ_फिजिक्स

प्रयोगाचं मी सांगतो. साधा लंबक घ्या. लांबी मीटरमध्ये ०.४०, ०.६०, ०.८०, १.०० आणि आवर्तकाळ १.२७, १.५५, १.८०, २.०१ सेकंद असे आले. स्टॅट, एडिट. एल१ मध्ये लांबी, एल२ मध्ये काळ. मग बाणाने थेट एल३ या नावावर जायचं, त्याखालच्या पहिल्या घरात नाही, आणि एल२ चा वर्ग टाकून एंटर. अख्खी यादी एका फटक्यात भरते. पुढे स्टॅट, कॅल्क, ४ लिनरेग (बिंदूंना सगळ्यात जवळची सरळ रेषा), एक्स-लिस्ट एल१, वाय-लिस्ट एल३.

उतार ४.०६ येतो, अंतःखंड −०.०१८. उतार म्हणजे ४π² भागिले g, म्हणून g = ३९.४८ ÷ ४.०६, म्हणजे ९.७२. r (सहसंबंध गुणांक) दिसत नसेल तर मोडमध्ये स्टॅट डायग्नॉस्टिक्स ऑन करा. इथे r एकाला अगदी चिकटून येईल, पण मुलीला सांगा की r चांगला आला म्हणजे प्रयोग बरोबर झाला असं नाही. सगळ्या लांब्या गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या कडेपर्यंत मोजल्या तरी r तितकाच छान येतो. ती चूक अंतःखंडात दिसते: तो शून्यापासून लांब जातो. म्हणून अंतःखंड कधी झाकून टाकायचा नाही.

नौपाडा_जुनंनवं

सेकंडहँडला चांगला मोसम जुलै. मे सत्राचे आयबीचे निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतात, मुलं बाहेरगावी निघतात आणि ठाणे, पवई, वाशी भागातल्या पालकांच्या ग्रुपवर कॅल्क्युलेटर विकायला येतात. अमेरिकेत नवा टीआय-८४ प्लस सीई साधारण १२० ते १५० डॉलरला जातो. इथे त्यावर आयातीचा खर्च चढतो. जुन्याची किंमत ठरवताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा.

भेटूनच घ्या, आणि बघताना घाई नको. विक्रेत्याला पूर्ण चार्ज करून आणायला सांगा, नंतर समोर पंधरा मिनिटं आलेख काढत बसा. बॅटरीची खूण तेवढ्यात खाली आली तर बॅटरी गेली. ती मागचं झाकण स्क्रूने उघडून बदलता येते, पण त्या हिशोबाने पैसे कमी करा. मिनी यूएसबीचं तोंड केबल लावून हलकेच हलवा. चार्जिंग तुटलं तर तो सौदा सोडून द्या. सगळी बटणं एकेक दाबा, विशेषतः एंटर, सेकंड आणि चार बाण, कारण झिजतात तीच. स्क्रीनवर उभी रेघ नको. केबल मागून घ्या, आणि ती नुसती चार्जिंगची निघाली तर संगणकाशी बोलणार नाही, हेही तिथेच लॅपटॉपला लावून कळेल.

कॅसिओ घेणाऱ्यांनी सेलचं झाकण उघडून बघायचं. आपल्याकडे पावसाळ्यात सेल आत विसरले की गळतात आणि पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. नवे सेल चारही एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका, आणि रिचार्जेबल घातले तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये तसं सांगा, नाहीतर चार्ज किती उरला हे ते चुकीचं दाखवतं.

प्रेस टू टेस्ट म्हणजे परीक्षेपुरतं मशीन बांधून ठेवणं. साठवलेले प्रोग्राम आणि बाकीचा मजकूर त्या वेळी हाताशी राहत नाही. टीआय-८४ प्लस सीई बंद करा, मग डावा बाण, उजवा बाण आणि ऑन एकदम धरा. पर्याय दिसतील, तिथे कोनाचं सेटिंगही विचारतं. मुलीला ते नीट वाचायला सांगा, कारण परीक्षेत नको तो कोन इथूनच आत येतो. बाहेर पडायला दुसऱ्या टीआयला केबलने जोडावं लागतं किंवा संगणकावरच्या टीआय कनेक्ट सीईला. एनस्पायरवर एस्केप आणि ऑन, त्याचा वरचा दिवा लुकलुकतो: सगळी बंधनं लावली तर हिरवा, एखादं मोकळं सोडलं तर पिवळा. कॅसिओ सीजी५० वर कॉस, ७ आणि एसी एकदम. त्यातून बाहेर पडायला संगणक, दुसरा कॅसिओ, नाहीतर बारा तास.

हे सगळं घरी एकदा करून बघा, पण त्याआधी मशीनमधलं जपायचं ते संगणकावर उतरवून ठेवा. आणि कुठली बंधनं लावायची ते शाळेच्या आयबी समन्वयकांकडून लेखी घ्या.

खारघर_एआय

एआय घेतलेल्यांसाठी भर घालते. तुमचा निम्मा पेपर याच मशीनवर असतो. ईएमआयचं उदाहरण: ५ लाख रुपये, ९ टक्के, ५ वर्षं, महिन्याला हप्ता. टीआयवर ॲप्स, फायनान्स, टीव्हीएम सॉल्व्हर. एन (एकूण हप्ते) ६०, आय (वर्षाचा दर) ९, पीव्ही (कर्ज) ५०००००, एफव्ही (शेवटी बाकी) ०, पी/वाय (वर्षातले हप्ते) १२. मग पीएमटीवर (हप्ता) जाऊन अल्फा आणि एंटर. उत्तर −१०३७९.१८. ऋण चिन्ह म्हणजे पैसे आपल्या खिशातून जातायत. पी/वाय चुकून १ राहिलं तर हप्ता ४५ हजारांच्या वर दाखवतो, कारण मशीन दर महिन्याला ९ टक्के धरतं. मुलं घाईत तो आकडाही उतरवतात. ५ लाखांना ६० ने भागा, ८३३३ येतात. हप्ता त्याच्या थोडा वर असायला हवा, पाचपट नाही.

दुसरी घोळाची जागा म्हणजे पीडीएफ आणि सीडीएफ, बायनॉम (द्विपद) आणि नॉर्मल या संभाव्यता वितरणांची दोन फंक्शनं. ‘नेमके ३’ विचारलं तर बायनॉम-पीडीएफ, ‘जास्तीत जास्त ३’ विचारलं तर सीडीएफ. ‘किमान ३’ असेल तर १ वजा सीडीएफ, आणि त्यात २ घालायचे, ३ नाही. नॉर्मलला नेहमी सीडीएफ. पीडीएफ तिथे वक्राची उंची देतं, संभाव्यता नाही. वहीत मात्र बटणांची नावं लिहू नका. चल कुठला, वितरण कुठलं, n आणि p किती, एवढं लिहून मग उत्तर लिहा. परीक्षकाला बटणांची भाषा चालत नाही.

घोडबंदरकर_पालक

ताई, हे पीडीएफ-सीडीएफचं एएलाही आहे, मुलीला वाचून दाखवलं. पुतण्याचा हट्ट लॉग टेबल आणि जिओजेब्रावर मिटलाय, ९९१ कॉलेजला प्रवेश झाला की. नौपाड्याच्या दादा, वाशीला एक जुना सीई बघायला शनिवारी जातोय, लॅपटॉप बरोबर घेऊन.

नौपाडा_जुनंनवं

मग लॅपटॉपवर टीआय कनेक्ट सीई आधीच उतरवून ठेवा, तिथे नेट मिळेलच असं नाही. आणि सेकंड, मेम, अबाउट इथे मॉडेलचं नाव वाचून घ्या. नुसतं ‘टीआय-८४ प्लस’ दिसलं, पुढे सीई नाही, तर तो जुना काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा आहे, त्याला सेल लागतात, आणि त्याची किंमत बरीच कमी असायला हवी.